जीबीएस: टाइप कॅप्सूलवरून पाडायचा की अंगावरच्या प्रोटीनवरून?

राजारामपुरी_सातवी_गल्ली
नमस्कार मंडळी. मी एमएस्सी मायक्रोला आहे, कोल्हापुरातच. पुढच्या आठवड्यात सेमिनार आहे आणि विषय घेतलाय ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस. २०२५च्या जानेवारीत पुण्यात जो जीबीएस गाजला तो हा नव्हे बरं का, तो गियाँ-बारे सिंड्रोम. घरी विषय सांगितल्यापासून आई पाणी दोन दोन वेळा उकळतेय म्हणून आधीच सांगून ठेवते.

तर मुद्दा असा. सगळ्या पुस्तकांत या जंतूचे दहा सिरोटाइप (अँटिबॉडी लावून ओळखायचे प्रकार) दिलेत, १ए, १बी आणि पुढे २ ते ९, सगळे कॅप्सूलच्या, म्हणजे जंतूच्या बाहेरच्या आवरणाच्या, साखरेवरून पाडलेले. पण पेपर वाचायला घेतले की जो तो पृष्ठभागावरच्या प्रोटीनबद्दल बोलतोय, अल्फा सी, बीटा सी, रिब, आर२८, सिप, काय काय. माझं मत असं झालंय की साखरेवरून टाइप पाडणं आता जुनं झालं, प्रोटीनवरूनच पाडावेत आणि लस पण त्यावरच करावी. गाइड म्हणतात हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एका वाक्यात कोंबू नकोस. वेगळे कसे? जे मार्कर (टाइप ओळखायची खूण) म्हणून चांगलं ते टार्गेट (लसीचं लक्ष्य) म्हणून पण चांगलंच असणार ना?

पेठेतला_पैलवान
ताई पयला प्रश्न, ह्यो जंतू मटणातनं येतोय का? तेवढं सांगा, आज रविवार हाय.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
नाही ओ दादा 😄 निरोगी माणसाच्या आतड्यात आणि बायकांच्या योनिमार्गात गुपचूप राहतो, बहुतेकांना काहीच त्रास नाही. प्रश्न येतो बाळंतपणात, आईकडून बाळाला गेला तर. म्हाताऱ्या माणसांना आणि मधुमेहवाल्यांनाही होतो.

पेठेतला_पैलवान
मग ठीक. रस्सा चालू करतो. वाचतोय.

लॅबवाले_काका
विषय आवडीचा म्हणून सविस्तर लिहितो.

गाइड बरोबर आहेत. आणि प्रोटीनवरून टाइप पाडायचा घोळ एकदा होऊन गेलाय, तो सेमिनारमध्ये घे, लोक जागे होतील. रेबेका लान्सफील्ड बाईंनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत १९३३ साली स्ट्रेप्टोकोकसचे ए, बी, सी असे गट पाडले, ते पेशीभित्तिकेतल्या साखरेवरून. मग बी गटाच्या आत कॅप्सूलवरून टाइप. पुढे १सी नावाचा एक टाइप निघाला. नीट बघितलं तर त्याची कॅप्सूल हुबेहूब १एची, फक्त अंगावर एक प्रोटीन जास्तीचं, आणि तेच प्रोटीन १बीच्या अंगावर पण. म्हणजे साखरेच्या यादीत एक प्रोटीन शिरून बसलं होतं. शेवटी १९८४ साली नावांची साफसफाई झाली, साखर हाच टाइप, प्रोटीन असेल तर तिरकी रेघ मारून पुढे लिहायचं. १सी गेला, १ए/सी आला. सी प्रोटीन हे नाव तिथलंच.

त्या सी प्रोटीनचे पण दोन निघाले. एक ट्रिप्सिनला (प्रोटीन तोडणारं एन्झाइम) दाद देत नाही, तो अल्फा. दुसरा ट्रिप्सिनमध्ये विरघळतो, तो बीटा. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला यावर वर्षानुवर्षं काम झालंय.

आणि टार्गेटचं म्हणशील तर १९७५चा लान्सफील्ड, मॅकार्टी, एव्हर्लीचा पेपर काढून वाच. साखरेविरुद्धच्या अँटिबॉडी उंदरांना वाचवतात हे माहीत होतंच, प्रोटीनविरुद्धच्याही वाचवतात हे त्यात स्वच्छ दाखवलंय. बाई तेव्हा ऐंशीच्या होत्या. आमच्याकडे अठ्ठावन्नला निवृत्त करतात.

भोगावती
काका +१. शेवटच्या वाक्याला +१००.

पेठेतला_पैलवान
म्हंजे साखर ह्यो फेटा आणि प्रोटीन ह्यो आतला लंगोट. वळखायचं फेट्यावरनं. बरोबर का काका?

लॅबवाले_काका
हसून मेलो. पण चालेल. तुमच्या हिशेबात भर घालतो, हा पैलवान फेटा बदलतो पण. कॅप्सूलच्या जीन्सचा पट्टाच्या पट्टा दुसऱ्या जातभाईकडून उचलतो. टाइप ३चा एक वंश असा टाइप ४ होऊन फिरताना सापडलाय, बाकी अंग तेच.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
तेच तर मी म्हणतेय! फेटा बदलतो म्हणजे फेट्यावर भरवसा कशाला?

कागलचा_व्हेट
माणसांच्या डॉक्टरांनी हा जंतू फार उशिरा ओळखला, आमच्या गोठ्यात तो आधीपासूनच. नोकार आणि मोलेरो यांनी १८८७ सालीच गाईच्या कासेच्या आजारात हा दाखवलाय. गावाकडं दगडी म्हणतात तेच. कास सुजते, हाताला टणक लागते, दुधात गाठी येतात. बऱ्याच वेळा तर वरून काहीच दिसत नाही, दूध हळूहळू कमी होतंय एवढंच कळतं आणि मालक पेंडीला शिव्या घालतो. एका जनावराकडून दुसऱ्याला जातो तो धार काढणाऱ्याच्या हातानं नाहीतर मशीनच्या कपानं. धार काढून झाली की सडं औषधात बुडवायची, दगडीचं जनावर शेवटी पिळायचं, आणि भाकड काळात सडात औषध सोडायचं, एवढं पाळलं तर हा गोठ्यातून चक्क हाकलता येतो. कित्येक देशांनी हाकललाय.

आमच्याकडं टाइप-बिइप कोण बघत नाही. सीएमटीचं, म्हणजे दगडी तपासायच्या टेस्टचं, जांभळं पाणी, चार वाट्यांची ती प्लेट, प्रत्येक सडाची धार वेगळ्या वाटीत, गोल फिरवायचं. दाट चिकट झालं की ते सड बाद. जंतू कुठला ते मग कल्चरमध्ये.

संध्यामठ
अहो व्हेट, मग गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पितात त्याचं काय? आमचे हे रोज सकाळी जातात 😰

कागलचा_व्हेट
वहिनी, गोठ्यातले वंश आणि माणसातले वंश बहुतेक करून वेगळे आहेत, माणसाला तो माणसाकडूनच येतो. पण कच्च्या दुधात ब्रुसेला, टीबी असलं काय काय असू शकतं, त्यामुळं व्हेट म्हणून मी उकळूनच प्या म्हणणार. साहेबांना सांगा आणि माझं नाव सांगू नका.

पेठेतला_पैलवान
ह्या धाग्यावर कट्ट्याबद्दल ब्र काढायचा न्हाई. पैला आणि शेवटचा इशारा.

भोगावती
अवांतर: माशातून पण येतो असं वाचलं होतं, खरं का?

पंचगंगा_ते_लुंड
खरंय. २०१५ साली सिंगापूरमध्ये गोड्या पाण्यातला कच्चा मासा खाऊन बऱ्याच जणांना झाला, गरोदर नसलेल्या धडधाकट माणसांना. टाइप ३, एसटी२८३ नावाचा वंश. सुरमई तळून खाणाऱ्यांनी घाबरू नये. मूळ मुद्द्यावर मोठं लिहायचंय, रात्री येतो. (कसबा बावड्याचा, सध्या स्वीडनमध्ये पोस्टडॉक.)

नववा_लागलाय
मी इथं नेहमी नुसती वाचते, पण आज विचारावंसं वाटलं. माझी जाऊ अमेरिकेत आहे, तिची छत्तिसाव्या आठवड्यात ही टेस्ट झाली, पॉझिटिव्ह आली आणि तिला काही विशेष वाटलं पण नाही. मी इथे विचारलं तर म्हणाले आपल्याकडे सगळ्यांची करत नाहीत. मी काय करू? आणि हे सिरोटाइप मला माहीत हवेत का?

डॉक्टरीणबाई
नववा लागलाय, आधी श्वास घे.

सिरोटाइप तुला अजिबात माहीत नको, उपचार कुठल्याही टाइपला तोच. आता टेस्टचं. अमेरिकेत २००२पासून सगळ्या गरोदर बायकांची करतात, आधी ३५ ते ३७ आठवड्यांत करायचे, आता ३६ ते ३७ पूर्ण. इंग्लंडमध्ये सरसकट करत नाहीत, धोका बघून ठरवतात. आपल्याकडेही सरसकट नाही. धोका म्हणजे काय, तर ३७ आठवड्यांच्या आत कळा येणं, पाणी जाऊन १८ तास उलटणं, कळांमध्ये ताप येणं, याच गरोदरपणात लघवीत हा जंतू सापडणं, किंवा आधीच्या बाळाला हे इन्फेक्शन झालेलं असणं. यातलं काही असेल तर तुझ्या डॉक्टरांना आठवण कर. टेस्ट हवीच असेल तर खाजगी लॅबमध्ये होते, पण स्वॅब योनीतून आणि गुदद्वारातून असा दोन्हीकडून घ्यायचा असतो, नुसता वरवर घेतला की जंतू निसटतो.

पॉझिटिव्ह आलीच तरी आज गोळ्या घ्यायच्या नाहीत. आज मारला तर कळांपर्यंत परत येतो. कळा सुरू झाल्यावर शिरेतून पेनिसिलिन किंवा अँपिसिलिन, बाळ यायच्या निदान ४ तास आधी पोचलं तर उत्तम. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आत्ताच फाइलवर लिहून ठेवायला सांग. अमेरिकेत नव्वदच्या सुरुवातीला हजार जन्मांमागे पावणेदोनच्या आसपास बाळांना पहिल्या आठवड्यात हे इन्फेक्शन व्हायचं, २०१५पर्यंत ते पाव टक्का पण नाही, हजारी ०.२३वर आलं.

आकडेमोड्या
डॉक्टरीणबाई, हजारी ०.२३ म्हणजे शेकडा ०.०२३, 'पाव टक्का पण नाही' हे खरं असलं तरी दहापट ढिसाळ आहे. असो. मुद्दा वेगळाच. भारतात हा रोग आहेच किती? दिल्लीच्या नवजात बाळांच्या मोठ्या अभ्यासात, २०१६ला लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला तो, वर ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला, ई. कोलाय. आपण अमेरिकेची काळजी उसनी आणतोय.

डॉक्टरीणबाई
तो अभ्यास मोठ्या हॉस्पिटलांत जन्मलेल्या बाळांचा. हा जंतू मारतो तो पहिल्या २४-४८ तासांत. घरी किंवा छोट्या दवाखान्यात बाळ गेलं तर कल्चर कोण करणार? कल्चरच्या आधी अँटिबायोटिक दिलेलं असतं, मग काय उगवणार? दक्षिण आशियात जंतू बाळगणाऱ्या बायकांचं प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा कमी दिसतं हे मान्य, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालात जगभरात वर्षाला दीड लाखाच्या आसपास बाळं जातात असा अंदाज आहे, पोटातच गेलेली धरून.

लॅबवाले_काका
आकडेमोड्या, न सापडण्यात आम्हा लॅबवाल्यांचा पण हात आहे. स्वॅब थेट ब्लड अगारवर (रक्त घातलेली कल्चर प्लेट) ओढला की आतड्यातले बाकीचे जंतू माजतात आणि हा खाली दबतो. आधी टॉड-ह्युइट ब्रॉथमध्ये, जेंटामायसिन आणि नॅलिडिक्सिक ॲसिड घालून, रात्रभर ठेवायला लागतो. मग प्लेटवर. कॉलनीभोवती रक्त विरघळून होणारं वलय एवढं अरुंद असतं की बऱ्याचदा कॉलनी लूपनं बाजूला सारून प्लेट उजेडाला धरायची, तेव्हा खाली दिसतं. मग ओळख पटवायला कॅम्प टेस्ट, स्टॅफची (स्टॅफिलोकोकस, दुसरा एक जंतू) एक आडवी रेघ, हिची उभी, रेघेला टेकवायची नाही, थोडी जागा सोडायची. दुसऱ्या दिवशी दोघींच्या मध्ये बाणाच्या टोकासारखा मोकळा भाग दिसला की चहा सांगायचा. किती ठिकाणी हे सगळं करतात ते मी बोलत नाही.

नववा_लागलाय
धन्यवाद ताई. ॲलर्जीचं फाइलवर लिहून घेते, मला पेनिसिलिननं पुरळ उठला होता लहानपणी.

डॉक्टरीणबाई
लिहून घेच. नुसता पुरळ असेल तर सेफाझोलिन चालतं बहुतेकदा, पण ते तुझ्या डॉक्टरांनी ठरवायचं.

पेठेतला_पैलवान
नववा लागलाय ताई, पेढे कट्ट्यावर.

पंचगंगा_ते_लुंड
आलो. मोठं होणार आहे.

धागाकर्ती, तुझं एक गृहीतक सोडून बाकी सगळं बरोबर आहे, आणि ते गृहीतक म्हणजे शेवटची ओळ, की चांगला मार्कर तो चांगला टार्गेट. मार्करला काय लागतं? एकानं दुसऱ्याशी घोटाळा करू नये. १एची अँटिबॉडी १बीला चिकटता कामा नये. टार्गेटला नेमकं उलटं हवं असतं, एका अँटिबॉडीनं जितके जास्त पकडता येतील तितकं बरं. आता अल्फा सी, रिब, आर२८ (यालाच एएलपी३ म्हणतात), एएलपी१, एएलपी२ हे सगळे एकाच घराण्यातले. ठेवण एकच, पुढे एन-टोकाचा (प्रोटीनचं सुरुवातीचं टोक) स्वतंत्र भाग, मग एकच तुकडा पुन्हा पुन्हा, आणि शेपटाला एलपीएक्सटीजी हा ठरलेला क्रम, ज्याला पकडून सॉर्टेज एन्झाइम त्यांना पेशीभित्तिकेला खिळवतो. आर२८ तर बघून असं वाटतं की कुणीतरी अल्फा, बीटा आणि रिबचे तुकडे जोडून केलाय, आणि तो ए गटाच्या स्ट्रेप्टोकोकसमध्येही सापडतो. एवढी सोयरीक असल्यावर अँटिसिरम (अँटिबॉडी असलेलं सिरम) एकाचं काढलं की दुसऱ्यालाही थोडंफार लागतंच. जुन्या पेपरमध्ये आर४ म्हणून जे येतं ते आणि इथे लुंडला १९९३मध्ये सापडलेलं रिब हे एकच निघालं, दोन ठिकाणी दोन नावं. म्हणून अँटिसिरमवरून प्रोटीन टाइप करणं कटकटीचं. जीनवरून पीसीआर केला तर मात्र स्वच्छ, कारण एका जंतूत या घराण्यातला बहुधा एकच असतो.

आता पैलवानांचा फेटा आणि लंगोट. दोन्हींची जोडी बरीच ठरलेली आहे. ३ असेल तर बहुधा रिब, १बीला अल्फा आणि बीटा दोन्ही, १एला बहुधा एएलपी१, ५ला बहुधा आर२८. बहुधा हा शब्द खोडू नकोस. फेटा बदलला की जोडी मोडते, आणि जोडी मोडलेली दिसली की कळतं इथं काहीतरी झालंय. मार्कर म्हणून प्रोटीनचा खरा उपयोग हा, साखरेच्या जागी नाही, साखरेच्या शेजारी.

दुसरी गंमत त्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांची. ए९०९ या प्रसिद्ध स्ट्रेनच्या अल्फा सीमध्ये असे ९ तुकडे आहेत. उंदराला अल्फा सीची अँटिबॉडी दिली आणि मग जंतू टोचला, तर जे जंतू तगले त्यातल्या काहींनी तुकडे गाळून टाकले होते. प्रोटीन तेच, आखूड झालेलं, अँटिबॉडीच्या हाती कमी लागतं. सांगायचं ते हे, की टार्गेट पण पळतं. म्हणून आताची लस त्या तुकड्यांच्या नादाला न लागता एन-टोकावर बांधलीय. डेन्मार्कची मिनर्व्हॅक्स कंपनी अल्फा सी आणि रिबची एन-टोकं जोडून सुरुवात करून बसली, मग एएलपी१ आणि एएलपी२चीही घेतली.

लॅबवाले_काका
बावडेकर, सुंदर. पण प्रोटीनकडे जरा जास्तच झुकलात. साखरेच्या बाजूनं पुरावा जुना आणि माणसातला आहे. १९७६ साली बेकर आणि कॅस्परनी दाखवलं की टाइप ३नं आजारी पडलेल्या बाळांच्या आयांच्या रक्तात टाइप ३च्या कॅप्सूलविरुद्ध अँटिबॉडी फारच कमी. उंदीर नाही, आया आणि बाळं. फायझरची लसही साखरेवरच, १ए, १बी, २, ३, ४, ५ अशी सहा, आणि त्यांचा २०२३चा पेपर परत त्याच पद्धतीनं आई-बाळांच्या रक्तातून किती अँटिबॉडी पुरते ते मोजतो.

पंचगंगा_ते_लुंड
मान्य. पण सहाच्या बाहेरचा आला तर? किंवा यातलाच कुणी फेटा बदलून आला तर?

लॅबवाले_काका
तुमच्या चार टोकांच्या बाहेरचा आला तर?

भोगावती
पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

संध्यामठ
मला एक कळलं नाही. साखर काय नि प्रोटीन काय, शरीराला परका जंतू दिसला की अँटिबॉडी होणारच ना? मग सगळ्याच आयांकडे का नसते?

राजारामपुरी_सातवी_गल्ली
हे मी सांगू का? वाचलंय नुकतंच. कॅप्सूलच्या साखरेच्या टोकाला सियालिक ॲसिड असतं आणि आपल्या स्वतःच्या पेशींवरही तेच असतं, त्यामुळे शरीराला तो परका वाटतच नाही, कॉम्प्लिमेंट (जंतू मारायला मदत करणारी रक्तातली प्रोटीनं) पण नीट बसत नाही. टाइप ३चं सियालिक ॲसिड काढून टाकलं तर उरलेली साखर न्यूमोकोकसच्या टाइप १४सारखी हुबेहूब. आणि गंमत म्हणजे गियाँ-बारेमध्ये पण हाच खेळ, कॅम्पायलोबॅक्टर हा अन्न-पाण्यातून येणारा जंतू आपल्या मज्जातंतूंवरच्या साखरेसारखी साखर अंगावर घालतो, फक्त तिथं शरीर फसत नाही, चवताळतं आणि स्वतःच्याच नसा धरतं. आईचं पाणी उकळणं अगदीच वाया नाही म्हणायचं.

पंचगंगा_ते_लुंड
वा! हे स्लाइडवर घालच. आणि बीटा सी विसरू नकोस, तो आपल्या आयजीए अँटिबॉडीला शेपटाकडून पकडतो आणि कॉम्प्लिमेंटला आवरणारा फॅक्टर एच पण अंगावर ओढून घेतो. टार्गेट आपण त्याला म्हणायचं आणि पकडतोय तोच आपल्याला.

आकडेमोड्या
शेवटचा प्रश्न विचारतो, उत्तर आलं तर गप्प बसेन. प्रोटीनच्या लसीत किती अँटिबॉडी म्हणजे पुरेशी, हे कसं ठरवणार? हा रोग इतका कमी बाळांना होतो की थेट चाचणी घ्यायला केवढ्या बायका लागतील.

पंचगंगा_ते_लुंड
नेमकं तिथंच घोडं अडलंय, दोन्ही लसींचं. म्हणून सगळे आजारी बाळं आणि न आजारी पडलेली बाळं यांच्या नाळेतल्या रक्ताची तुलना करून एक रेघ शोधताहेत. प्रोटीनची जास्त पंचाईत. एकतर लस न घेतलेल्या बायकांतही थोडी थोडी अँटिबॉडी असतेच, दुसरं म्हणजे एका प्रोटीनची मोजताना चुलतभावाची पण मोजली जाते. अँटिबॉडी चिकटते एवढं पुरत नाही, पांढऱ्या पेशींनी जंतू गिळून मारला का ते बघायला लागतं. शिवाय आयजीजी (आईकडून बाळाला मिळणारी अँटिबॉडी) नाळेतून जातं ते मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, त्यामुळे अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला आईकडे भरपूर असूनही कमीच मिळतं. आणि कळांमध्ये दिलेल्या अँटिबायोटिकनं जो टळत नाही तो उशिराचा मेंदूज्वर, ७ दिवस ते ३ महिन्यांमधला, त्यासाठीच लस जास्त हवीय. त्यात टाइप ३चा एसटी१७ वंश पुढे, त्याच्या अंगावर एचव्हीजीए नावाचं आणखी एक प्रोटीन आहे.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
मग सेमिनारचं शीर्षक बदलते. 'कॅप्सूल की प्रोटीन' हे काढून टाकते. पण मॅडमनी विचारलंच की कॅप्सूलनं टाइप न होणारे स्ट्रेन आले तर काय, तर?

लॅबवाले_काका
तर सांग की तिथं प्रोटीन जीनचा पीसीआर लावायचा. कॅप्सूल फार कमी बनवणारे स्ट्रेन लेटेक्स टेस्टला (अँटिबॉडी लावलेल्या मण्यांची टाइप ओळखायची टेस्ट) दाणे देत नाहीत, नुसतं नॉन-टाइपेबल लिहून सोडून देतात लोक. त्याच्यात रिब निघालं की निदान कुठल्या घरचा असेल याचा अंदाज येतो. सोबत कॅप्सूलच्या जीनचा पण पीसीआर कर, बऱ्याचदा जीन असते, साखर बनत नाही एवढंच. कंट्रोलला ए९०९ ठेव, १ए आहे आणि अल्फा बीटा दोन्ही आहेत. १९७५चा पेपर व्यनि केलाय बघ.